झाडावर पायताण

सकाळी उठल्यावर माणूस आधी देवाचं नाव घेतं. आमचे मालक आधी भिंत धरायचे.

बाजेवरून पाय खाली सोडायचे, उजवा तळवा भुईला टेकवायचे आन् तोंड असं करायचे, जसा काय इस्तवावर पाय पडलाय. मग भिंतीला हात लावत, पायाच्या बाहेरच्या कडेवर, न्हाणीपतुर जायचे. मी चुलीपाशी बसून समदं बघायची. इचारलं की म्हणायचे, "काय न्हाई. मुंग्या आल्यात." आता रोज उठून त्याच पायाला मुंग्या कशा येतेत? गुळाची ढेप हाय का काय पायात?

माझं नाव दैवशाला. मालकाचं सुग्रीव. देवगाव फाट्यापसून दोन कोसावर आमचं गाव. दीड एकर कोरडवाहू, दोन लेकरं आन् सासरे. सासऱ्याला मी मामा म्हणते, गाव माणिकराव म्हणतं. मामा म्हणजे झाडावरचा माणूस. आंबे उतरवायचे, चिंचा झोडायच्या, मोहोळ काढायचं, तर चार गावचे लोक मामाला न्यायला गाडी पाठवायचे. आता सत्तरी झाली, गुडघे गेले, म्हणून लेक चढतो.

औंदा लेकाला चांगलं काम लागलं होतं. पावसाळ्याच्या आधी इजेच्या तारंखालच्या फांद्या छाटायचं काम. आमच्या भागातलं ते काम लिंबाजी मुकादमानं घेतलं. मालक, सिद्धोधन, पप्पू आन् योगीराज हे चौघं चढणारे. आमी आठ-धा बाया खाली फांद्या ओढायला. पावसाळ्यानंतर बी मुकादमाला हेच काम होतं, म्हणजे चढणाऱ्याला वर्षभर गावातच हाताला काम. न्हाईतर दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला जा, लेकरं फडात, शाळा बोंबलली. सात साल मी मोळ्या डोक्यावर वाहिल्यात. आता माझं मेलेलं बी फडात जाणार न्हाई, हे मी मालकाला तोंडावर सांगून ठेवलं होतं.

मुकादमानं ह्या कामासाठी लोखंडी काटे आणले. नडगीच्या आतल्या अंगानं लोखंडाची पट्टी, गुडघ्याखाली एक पट्टा, घोट्याला एक. तळपायाखालून बोटभर रुंदीचं लोखंड. आन् आतल्या बाजूनं खाली निघालेला टोकदार काटा. तो झाडाच्या बुंध्यात खुपसायचा, त्याच्यावर उभं ऱ्हायचं, दुसऱ्या पायाचा खुपसायचा. असं करत माणूस जिना चढल्यावानी वर जातो. मुकादम म्हणला, "दिवसाला दोन झाडं व्हायलेत, आता पाच व्हतेल."

आन् पायात? पायात काय न्हाई. उघडा पाय. आमच्याकडं झाडावर पायताण घालून चढत न्हाईत. झाडाखाली चप्पल काढायची, बुंध्याला हात लावून कपाळाला लावायचा, मग चढायचं. मामानं हेच लेकाला शिकवलं, गावानं मामाचं बघून धरलं. काटे आले, पर चप्पल झाडाखालीच ऱ्हायली. उघड्या पायावर लोखंड बांधून चौघं बी पंधरा दिवस चढले.

सोमवारी सेलूच्या रस्त्याला एका कडुलिंबावर मालक चढले आन् तासाभरात तीनदा खाली आले. खाली आले की बुडाशी बसायचे, तळवा चोळायचे, पुन्हा चढायचे. मुकादम गाडीवर बसून बघत होता. समद्यायच्या देखत म्हणला, "काय रे सुग्रीव, झाडावर चढायलास का झोका खेळायलास?"

"पाय जरा धरलाय."

"पाय धरला आसंल तर बायकायत जाऊन फांद्या ओढ. दैवशालाबाईला चढव वर." पप्पू हासला. मालकाचं तोंड काळंठिक्कर पडलं. मुकादम गाडीवरून उतरला, "हे बघ. शुक्रवारी फाट्यावरची चिंच हाय. लाइन धा ते एक बंद ऱ्हाणार, मोठ्या मुश्किलीनं भेटलीय. त्या तीन घंट्यात तू चिंच मोकळी केली तर तू चढणारा. न्हाई केली तर शनवारपसून दुसरा माणूस. मी बघून ठेवलाय."

माझ्या हातात फांदी होती. लय वाटलं, हीच घालावी ह्याच्या टाळक्यात. पर मालकानं माझ्याकडं असं बघितलं, की मी उगं ऱ्हायले.

आता पायाचं म्हणाल तर आमी काय हातावर हात ठेवून बसलो न्हवतो. शेजारची कुसुमबाई म्हणली, टाचदुखी हाय, रुईचं पान तापल्या इटंवर ठेवून शेक द्या. आठ दिवस शेकलं. टाच शेकून शेकून लाल झाली, दुखणं तसंच. दवाखान्यात गेलो तर डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या आन् म्हणले, आराम करा. आराम! मेडिकलात भेटतो का म्हणून इचारावं वाटलं. मोहरीच्या तेलानं चोळलं, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवला. सांजच्याला बरं वाटायचं, सकाळी पुन्हा भिंत.

त्या सोमवारी घरी आल्यावर मालक न्हाणीत गेले आन् काटे ओट्यावर पडले होते. मला काय झालं कुणास ठावं. लुगड्याचा काचा मारला, काटे पायाला बांधले आन् दारातल्या लिंबाला भिडले. म्हणलं, बघूच एकदा, ह्या लोखंडात काय भूत बसलंय.

दोन पावलं चढले. तिसरं टाकलं आन् डोळ्याम्होरं काजवे चमकले. टाच? टाचेचा तर संबंधच न्हाई! समदं अंग त्या बोटभर लोखंडावर, आन् ते लोखंड बरोबर तळव्याच्या मधल्या खोलग्यात. जिथं कातडं लेकराच्या गालावानी मऊ आसतं तिथं. आन् आमी शहाणे आठ दिवस टाच भाजीत बसलो होतो!

"उतर खाली!"

मामा. हातात काठी, काठी माझ्याकडं रोखलेली. मी उतरले. बाईमाणसानं झाडाला काटे लावून चढावं, आन् ते बी दारातल्या. मामा काठी आपटत म्होरं आले.

"मामा, मला दुखणं सापडलं," मी म्हणलं. "टाच न्हाई. खोलगा हाय. पायात कडक तळाचा बूट पाह्यजे, म्हणजे लोखंड बुटाला लागंल, पायाला लागणार न्हाई."

"बूट?" मामा म्हणले. "झाडावर?"

"हाव. झाडावर."

"माझ्या बापानं कधी पायताणानं झाड शिवलं न्हाई. मी शिवलं न्हाई. झाड म्हणजे काय रस्ता हाय का? माझ्या वंशात झाडावर पायताण घालून कुणी चढणार न्हाई. मी मेल्यावर काय करायचं ते करा."

न्हाणीतून मालक आले, डोकं पुसत. त्यायनी ऐकलं आन् खाली मान घातली. मला आला राग. मी माझ्या पायातल्या काट्याकडं बोट केलं.

"मामा, पायताण लागलं तर झाडाला पाप लागतंय. आन् चार बोटं लोखंडाचा खिळा बुंध्यात खुपसला तर काय, पुण्य लागतंय? ते चालतंय व्हय तुमच्या देवाला? खिळा चालतो, बूट चालत न्हाई!"

"दैवशाला!" मालक वरडले.

"वरडा माझ्यावर. मुकादमावर वरडायला जीभ न्हाई उठत तुमची."

हे बोलायला नको होतं. पर तोंडातून निघालं. मालक आत गेले, मामा ओट्यावर बसले. सांजच्याला मी भाकर वाढली, मामानं ताट सारलं. "भूक न्हाई" म्हणले. इतक्या वर्षांत मामानं ज्वारीच्या भाकरीला न्हाई म्हणलेलं मी पह्यल्यांदा बघितलं. वाईट वाटलं मला. पर पाय माझ्या नवऱ्याचा होता.

मंगळवारी मी कामावर गेले न्हाई. सेलूहून रेल्वेत बसले आन् पूर्णेला गेले. माझा भाऊ बन्सीधर तिथं रुळाच्या गँगीत हाय. घामानं भिजलेला, दुपारच्या सुट्टीत रुळाच्या कडंला भाकर खात बसला होता. मला बघून घाबरला. "ताई! घरी समदं बरं हाय ना?"

"बरं हाय. तुझे बूट दे."

 मग मी समदं सांगितलं. बन्सीधर हासला न्हाई. पायातला बूट काढून त्यानं उलटा केला आन् हातोडीच्या दांड्यानं ठोकून दाखवला. "तळ बघ कसा हाय. वाकत न्हाई. खडीवर आमी उघड्या पायानं चाललो तर चार दिवसात पाय जातेल, म्हणून हे देतेत. गेल्या सालचा एक जोड घरी हाय, टाच झिजलीय जरा, पर तळ पक्का हाय. दाजीला मोठे व्हतेल."

"बोळा घालते."

"आन् तुझे सासरे?"

"त्यायच्या तोंडात काय बोळा घालू?" मी म्हणलं. तेव्हा मात्र बन्सीधर लय हासला.

बुधवारी कामावरून आल्यावर काटे घेऊन लोहाराकडं. बूट झाला तरी ते बोटभर लोखंड काय माझ्या डोक्यातून जाईना. बारीक काठीवर उभं ऱ्हावं आन् फळीवर उभं ऱ्हावं ह्यात फरक हाय का न्हाई? ट्रॅक्टर आल्यापसून वखराच्या जुन्या पासा, रान खरवडायची ती लोखंडी पाती, लोहाराकडं ढिगानं पडल्यात. म्हणलं, ह्यातली एक काप, चार बोटं रुंद दोन तुकडे कर, आन् ह्या पायाखालच्या लोखंडाला नटबोल्टानं बसव. लोहार भाता सोडून माझ्याकडं बघाया लागला.

"बाई, मालकाला नाल ठोकायलीस का?"

"बैलाला ठोकलेली चालते, मग माणसानं काय घोडं मारलंय? कोपरे घासून दे, बूट फाटंल."

लोहारानं करून दिलं. मुकादमाचं सामान म्हणून डाग देऊन कायमचं जोडलं न्हाई, बोल्टच लावले, कधी बी काढता येतील असे.

अवघड काम तर म्होरंच होतं. मालकाच्या पायात बूट घालणं. "आबाच्या समोर मी पायताणानं झाडाला भिडू?" म्हणले. बापाला ते आबा म्हणतेत. मी म्हणलं, "आबाच्या समोर नका. वढ्याला चला." गुरवारी सांजच्या पारी आमी चोरावानी वढ्याकाठी गेलो. नवरा-बायको बाभळी बघत फिरायलेत, कुणी बघितलं आसतं तर काय म्हणलं आसतं, पांडुरंग जाणे.

चिंधीचा बोळा पुढं कोंबून बूट घातले. वर काटे बांधले. मालकानं सवयीनं बाभळीच्या बुडाला हात लावला, कपाळाला लावला, मग पायाकडं बघितलं आन् तसंच उभे ऱ्हायले.

"चढा की."

"लाज वाटायलीय गं."

"कुणाची? बाभळीची?"

चढले. वीस-पंचवीस पावलं वर गेले. मी खाली मान वर करून उभी.

"दुखायलंय का?"

"उगं बस. बघायलोय." जरा येळानं आवाज आला. "खोलगा न्हाई दुखत. न्हाईच दुखत गं! पर..."

"पर काय?"

"झाड लागंना पायाला. बोटाला सवय हाय धरायची. आंधळ्यावानी झालंय."

हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं. मालकाचे पाय म्हणजे मामाचेच पाय, बोटं फाकलेली, अंगठा एकीकडं. त्या बोटानं झाड वळखायचं, साल ढिली हाय का घट्ट. ती बोटं बुटात कोंडली. भेवानं मालक एका जागी खिळून उभे, पायावर समदा भार, पोटऱ्या लटलट कापायलेल्या.

"उभा कशाला ऱ्हायलास? बस की!"

मागं मामा. काठी टेकत वढ्यापतुर आले होते.  मालक वर बाभळीला मिठी मारून, पायात रेल्वेचे बूट. लपायला जागा न्हाई.

मामानं बुटाकडं बघितलं न्हाई. मुद्दाम तोंड वळवून, लिंबाच्या झाडाकडं बघत बोलायलेत, आन् बोलणं मात्र बाभळीवरच्या लेकाशी. "मोहोळ काढताना मी काय घंटा-घंटा उभा ऱ्हायचो? पाय चढायला आसतेत. काम करायला बूड आसतंय. दोराचा फासा वरच्या खांदीला टाक, पोत्याची घडी घाल, त्याच्यात बस. पाय नुसते टेकून ठेव. गुडघा झाडापसून लांब. आन् घोट्याचा पट्टा सैल कर, गळफास लावल्यावानी काय बांधलास? रगत कुठून जाईल?"

"आबा, हे बूट..."

"मला काय दिसत न्हाई. म्हातारा झालोय. दोर कुठं टाकतूस ते सांग."

दिवस बुडस्तोवर मामानं लेकाला चारदा चढवलं, चारदा बसवलं. खोडाला पाय देऊन, दोरात बसून, अंग मोकळं टाकून करवत कशी चालवायची ते खालून वरडून वरडून सांगितलं. घरी आल्यावर भाकर मागून घेतली. बुटाचं नाव काढलं न्हाई. मी बी काढलं न्हाई.

शुक्रवारी फाट्यावर धा वाजता लाइन बंद झाली. चिंच म्हणजे काय सांगू, चार माणसायच्या कवेत न मावणारी, रस्त्यावर वाकलेली, तारा तिच्या खांद्यायत शिरलेल्या. ऊन असं, की डांबर चपलीला चिकटायलेलं. मामा बी आले होते. दोर मी धरणार म्हणले, दुसऱ्यानं कुणी हात लावायचा न्हाई.

मालकानं पोत्यातून बूट काढले आन् मुकादमानं डोळेच फाडले. "आरं बाप रे! साहेब आले! कुर्सी टाका रे!" पप्पूनं लगेच री ओढली, "सुग्रीवराव, पालिश?" बाया पदरात हासल्या. मालकाचे कान लाल. बूट हातात धरून तसेच बसले, एक डोळा मामाकडं.

मामा दोराची गाठ बघत होते. मान वर न करता म्हणले, "धा वाजून गेले. कुणाची वाट बघायलास?"

मालक चढले. काटा, पाऊल, काटा, पाऊल. तीस फुटावर दोराचा फासा टाकला, पोत्यावर बसले, आन् करवत सुरू झाली. आमी खाली फांद्या ओढू ओढू बेजार. अकरा झाले, बारा झाले. मालक खाली काय आले न्हाईत. पाण्याची बाटली दोरानं वर गेली. शेजारच्या लिंबावर सिद्धोधन, त्याच्या बाजूच्या बाभळीवर पप्पू आन् योगीराज. ते तिघं उघड्या पायानं, घडीघडीला खाली. सिद्धोधन तर शेवटी बुडाशी बसला आन् तळवा दोन्ही हातानं दाबून धरला.

पाऊणला शेवटची खांदी राह्यली, तारंच्या बरोबर वरची. खांदीला बांधलेला दुसरा दोर मामानं ताणला, मालकानं करवत लावली. खांदी कडकडली, दोरावर झुलली आन् सावकाश, तारंला न शिवता, खाली रस्त्यावर आली. बायायनी "आगं आई!" केलं. चिंच मोकळी झाली होती, आन् लाइन यायला अजून धा मिनटं होती.

तेवढ्यात इज कंपनीची जीप आली. निकिता मॅडम, परभणीहून काम बघायला आलेल्या इंजिनिअर. चिंच बघितली, मान हालवली. मग नजर सिद्धोधनाच्या पायावर गेली. तळव्याच्या मधोमध निळाकाळा वळ, दोर आवळल्यावानी.

"हे काय? याचे बूट कुठे आहेत?" मॅडम मुकादमाकडं वळल्या. "कामाच्या यादीत चार जोड बूट लिहिलेत तुम्ही. मी स्वतः सही केलीय."

माझ्या हातातली फांदी खाली पडली. बूट यादीत होते!

मुकादम काय हालला न्हाई. हात जोडून, लय गरिबावानी म्हणला, "मॅडम, दिले होते की. पण ही माणसं भाविक. झाडावर पायताण चालत नाही यांना, झाड म्हणजे देव. घालतच नाहीत, मग मी काय जबरदस्ती करू? देवाधर्माचं काम. हे माणिकराव बसलेत, यांनीच गावाला शिकवलंय. विचारा त्यांना."

समद्यायच्या माना मामाकडं. मामाच्या हातात अजून दोर, वर मालक त्या दोरात बसलेले.  मुकादम म्हणला ते खोटं न्हवतं. मामाचं शास्त्र तेच होतं, आन् मामा खोटं बोलत न्हाईत, मेले तरी.

मामानं दोर चिंचेच्या बुडाला दोन गाठी मारून बांधला, ओढून बघितला. मग उठले.

"शास्त्र माझं हाय, बाई," मॅडमला म्हणले. "झाडावर पायताण न्हाई. माझ्या बापानं सांगितलं, मी लेकाला सांगितलं. खरं हाय ते." मुकादम मान डोलवायला लागला. मामा त्याच्याकडं वळले. "पर लिंबाजी, तू मला बूट कवा दाखवलास?"

"आता माणिकराव, तुमी घातले आसते का?"

"मी काय केलं आसतं ते इचारू नको. दाखवले कवा? कुणाच्या हातात दिले? कोणत्या दिवशी?"

मुकादम गाडीची चावी बोटात फिरवायला लागला.

"माझं शास्त्र उघड्या हातापायाचं हाय. त्याच्यात तुझा खिळा न्हाई. खिळा आणताना तुला देव आठवला न्हाई. बूट द्यायच्या येळंला आठवला?" मामाचा आवाज चढला, काठी मुकादमाच्या छातीम्होरं आली. "देव माझा. पाय माझ्या लेकाचा. आन् बूट तुझ्या घरात? माझ्या देवाच्या नावावर माझ्या लेकाचा पाय खाल्लास, भाड्या!"

 मग सिद्धोधन लंगडत उठला. "मॅडम, मी तर बुद्धवंदना घेतो. झाडाच्या पाया मी कधी पडलो न्हाई. समदे उघड्या पायानं चढतेत म्हणून चढलो. मुकादम, माझं कोणतं शास्त्र आडवं आलं? मला का न्हाई दिले?"

मॅडमनं वही काढली. "सोमवारी मी परत येते. चौघांच्या पायात बूट दिसले नाहीत तर काम बंद. आणि यादीचं काय करायचं ते मी ऑफिसात बघते." जीप गेली.

मालक तवर खाली आले होते. उतरून चिंचेखाली उभे ऱ्हायले, दोन्ही पाय सपाट टेकून. भिंत न्हाई, काठी न्हाई. तीन घंटे! माझ्या डोळ्याला पाणी आलं, आन् मी ते पुसलं बी न्हाई.

मुकादम दातओठ खात म्हणला, "लय शहाणे झालाव. जावा घरी. मला माणसं कमी न्हाईत, उद्या दुसरे आणतो."

"आण की," मालक म्हणले. माझे मालक, ज्यायच्या तोंडातून मुकादमाम्होरं कधी शब्द फुटला न्हाई. "पर त्यायला बी पाय आसतेल."

असं म्हणून पायाचे पट्टे सोडले. लोहारानं लावलेल्या पासाचे बोल्ट मी पान्यानं काढले, तुकडे पदरात घेतले आन् नुसतं लोखंड मुकादमाच्या गाडीवर ठेवलं. सिद्धोधननं त्याच्यावर आपले काटे ठेवले. योगीराजनं ठेवले. पप्पू जरा घुटमळला, मग त्यानं बी आणून टाकले.

शनवारी कुणी कामावर गेलं न्हाई. मुकादम सेलूला गेला, मानवतला गेला म्हणतेत. पर चिंचेची गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. जो तो पह्यला सवाल हाच करायचा, बूट हायेत का? आयतवारी सकाळी नऊ वाजता गाडी आमच्या दाराशी लागली. चौघं चढणारे ओट्यावरच चहा पीत बसले होते.

"नंबर सांगा," मुकादम उभ्या उभ्या म्हणला. "बूट आणायला परभणीला माणूस चाललाय."

चौघं एकमेकायच्या तोंडाकडं बघाया लागले. बूट घातलाय कुणी जन्मात? बाजारात ढिगातली चप्पल उचलायची, पाय घालायचा, चालली तर चालली. पप्पू म्हणला, "आठ आसंल. न्हाईतर नऊ." योगीराजला तर तेवढं बी म्हाईत न्हवतं.

"अंदाजानं आणू नका," मी म्हणलं. घरातून जुने पेपर आणले, लेकीची पेन्सिल आणली. "कागदावर पाय ठेवून आखून न्या. दुकानदार बरोबर देतो."

"आखा मग लवकर."

"आपलं आपल्याला आखता येत न्हाई, मुकादम. वाकलं की पाय हालतो. दुसऱ्यानं आखावं लागतंय." आन् पेन्सिल त्याच्याकडं धरली.

मुकादमानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी हात म्होरं केला न्हाई. सिद्धोधननं ओट्यावरून पाय खाली सोडला आन् कागदावर ठेवला. मुकादमाची पांढरी प्यांट, इस्तरीची घडी. त्यानं आधी वाकून बघितलं, जमंना. मग एक गुडघा टेकला, मग दुसरा. आमच्या आंगणातल्या मातीत बसला आन् सिद्धोधनाच्या पायाभोवती पेन्सिल फिरवायला लागला.

पप्पूचा पाय झाला. योगीराजचा झाला. मालकानं आपला पाय ठेवला. "माझे मेव्हण्याचे हायेत, मोठे होतेत. दाबू नको, तिथं अजून दुखतंय."

कागदावर चार पाय झाले. मुकादम गुडघे झटकत उठायला लागला, तवर बाजेवरून मामा सावकाश उठून आले. काठी भिंतीला लावली, ओट्यावर बसले आन् आपला फाकल्या बोटाचा, भेगाळलेला पाय त्याच्याम्होरं केला.

"माझा बी आख."

"माणिकराव," मुकादम म्हणला, "तुमी कुठं चढता आता?"

"न्हाई चढत. आख."

मुकादमानं माझ्या हातातून नवा कागद घेतला.